कोरडा लंगोट

सक्करदऱ्याच्या तलावामागच्या गल्लीत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पत्र्याच्या शेडबाहेर बायकांची रांग, प्रत्येकीच्या मांडीवर एक मलूल पोर. आत टाळूवाली माय. तिचं खरं नाव सत्यवती, पण ते आता कुणी घेत नसे. जुलाबानं गळालेल्या बाळाची टाळू खोल जाते, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. ती नुसत्या हातानं वर आणणारी मात्र साऱ्या नागपुरात एकच, असा तिचा लौकिक.

माय टाळूवर उडदाच्या पिठाचा ओला लेप थापायची, त्यावर पान दाबून डोळे मिटायची, काहीतरी पुटपुटायची. मग पान उचलून सगळ्यांना डोकं दाखवायची. मघाचा खड्डा गायब.

"टाळू आली वर, आता चाल घर," ती म्हणायची. यमक जुळलं म्हणजे रोगही हटला, असं रांगेला वाटायचं. जाताना बजावून सांगायची, "लेप काढू नका. पाणी नाही, दूध नाही. वरून टाकान तं खालून वाहीन. लंगोट कोरडा झाला का समजा, गुण आला."

रांगेत बसलेल्या देवकीबाईंना हे चटकन पटलं. फुटक्या माठात पाणी कशाला ओतायचं? त्यांच्या सासूनंही असंच केलं होतं आणि त्यांची पोरं जगली होती. जी जगली नाहीत, त्यांच्याबद्दल घरात बोलायची पद्धत नव्हती.

मांडीवर त्यांची नात होती, वेदिका. दात नुकतेच येऊ लागलेले. आदल्या दिवसापासून तिचं पोट चालत होतं. सून प्रीतीनं सरकारी आरोग्यसेविका आशाताईंकडून जुलाबावर पाण्यात घालून पाजायची ओआरएसची पुडी आणली होती. देवकीबाईंनी ती घरून निघतानाच तिखटाच्या डब्यामागे सारली होती. लेप लावलेली नात घेऊन त्या घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी लंगोट खरंच कोरडा निघाला. देवकीबाई तो हातात घेऊनच नळावर गेल्या आणि शेजारणींना दाखवत राहिल्या. परत आल्या तेव्हा प्रीती दारातच उभी होती.

"आई, पोरगी रडून राहिली, पण डोळ्यात पाणी नाही येत."

"काल हगत होती तं रडली, आज नाही हगत तरी रडून राहिली. तुले पाहिजे काय वं?"

प्रीती गप्प झाली. थोड्या वेळानं वेदिकाही गप्प झाली. हे देवकीबाईंना बरं वाटलं. पोरगी शांत निजली, असं त्यांनी चुलत जावेला फोन करून सांगितलंसुद्धा.

मिहानमधल्या गोदामावर पहारा करणारा प्रीतीचा नवरा अंकुश ड्युटीवरून आला आणि मुलीला उचलून घेतलं, तर तिची मान कलंडली. डोळे अर्धवट उघडे, ओठ भेगाळलेले. बाळाला घेऊन तिघं मोटरसायकलवर बसून दवाखान्यात पोचली.

डॉक्टर भैरवी यांनी बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, सावकाश बसली. नर्स सलाईनसाठी शीर शोधत होत्या. इकडच्या हातात, तिकडच्या पायात. शीर सापडत नव्हती.

"शू कधी केली होती हिनं?"

कुणालाच सांगता येईना.

"टाळू तं वर आली होती नं," देवकीबाई म्हणाल्या. "मी सोताच्या डोळ्यांनं पाहिली."

डॉक्टरांनी ओल्या कापसानं वाळलेला लेप पुसला, देवकीबाईंचं बोट धरलं आणि टाळूवर ठेवलं. बोट आत गेलं.

"खड्डा बुजवला होता, आजी. भरला नव्हता. तो पाण्यानंच भरतो, आणि पाणी तर तुम्ही बंद केलंत. अंगात बाहेर पडायला काही उरलंच नाही, म्हणून लंगोट कोरडा."

शीर अखेर सापडली, पण उशीर झाला होता. दिवस मावळायच्या आत वेदिका गेली.

त्यानंतर सुनेनं सासूशी बोलणं सोडलं. देवकीबाईंनीही माफी मागितली नाही. ती कोणत्या तोंडानं मागायची, ते त्यांना सुचलं नाही. एका सकाळी त्या कणकेचा गोळा, उडदाचं पीठ आणि फडकं घेऊन मायच्या शेडसमोर जाऊन बसल्या.

गोळ्यात अंगठ्यानं खड्डा केला. लेप थापला, पान दाबलं, उचललं. "टाळू आली वर," त्या म्हणाल्या. मग फडक्यानं लेप पुसला. खड्डा होता तिथंच होता.

"नातीपायी डोकं फिरलं बुढीचं," कुणीतरी म्हणालं. आतून मायनं सांगितलं, की जिची श्रद्धा कच्ची, तिच्या पोराची टाळू पुन्हा बसते. बायकांनी माना डोलावल्या.

देवकीबाई ओरडल्या नाहीत. शेजारी बसलेल्या बाईशी बोलावं तसं बोलत राहिल्या. "दूध तोडू नका वं. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात पुडी पूर्ण टाका, चमच्या-चमच्यानं पाजत राहा. ओकली तं जरा थांबा, पुन्हा पाजा. झिंकची गोळी डॉक्टरले विचारा. पोर रडतानी आसवं नसली, शू बंद झाली, टाळू खोल गेली, जुलाबात रक्त दिसलं, पोर सुस्त पडलं, तं इथं बसू नका. दवाखान्यात पळा. लंगोट कोरडा दिसला तं खुश होऊ नका. मी झाली होती."

रांगेच्या मधली एक पोरसवदा आई बाळाच्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग उठली आणि रिक्षाच्या दिशेनं चालू लागली. तिच्या मोकळ्या जागेवर मागची बाई सरकली, तिच्या जागेवर तिच्या मागची. शेवटी एक नवी येऊन बसली, आणि रांग होती तेवढीच झाली.

देवकीबाईंनी कणीक पुन्हा मळली आणि अंगठ्यानं नवा खड्डा केला.