डावा कोपरा

मला दुपारी डोळा लागला की खेळ दिसतो. रात्रीच्या झोपेत काही दिसत नाही, ती झोप दगडासारखी येते आणि जाते. पण दुपारी भाकर खाऊन ओसरीवर आडवं झालं आणि लांबून मालगाडीची घरघर ऐकू येऊ लागली, की डोळ्यांपुढे कबड्डीचं मैदान उघडतं. कडेला धुकं असतं. माणसं असतात, पण त्यांची तोंडं दिसत नाहीत. आणि मध्ये कुणीतरी पळत असतं.

हे गावाला कळलं ते लाल मुंग्यांमुळे. मागच्या साली मला मुंग्यांची रांग दिसली होती, ज्वारीचा एकेक दाणा तोंडात धरून रेषेपलीकडून अलीकडे आणणारी. मी सहज शेजारच्या सगुणाबाईला सांगितलं. त्याच आठवड्यात लाल बनियनवाल्या पोरी जिंकल्या, म्हणजे आमच्याच. तेव्हापासून सामना जवळ आला की आमच्या चुडावा स्टेशनासमोरच्या आपल्या हॉटेलातून भुजंग हाक मारतो, "कडूमाय, काय दिसलं?"

भुजंगचं स्वतःचं भाकीत कधी खरं होत नाही. गाडी वेळेवर आहे असं तो म्हणाला, की माणसं खुशाल घरी जाऊन जेवून येतात.

आमच्या पोरी म्हणजे तालुक्याच्या कॉलेजातल्या. पण संघातल्या निम्म्या चुडाव्याच्या, कारण त्यांना लहानपणापासून दत्तराव सरांनी खेळवलं. सर पिंगळीचे. पॅसेंजरनं यायचे, स्टेशनामागच्या शाळेच्या मैदानावर पोरींना घाम काढायला लावायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. पुढे कॉलेजच्या संघाचे प्रशिक्षकही तेच झाले. माझी नात निकिता त्यांच्याच हाताखाली चढाईला तयार झाली. ती पलीकडे शिरली की गाव श्वास धरायचं.

औंदा कॉलेजनं सरांना थांबवलं आणि परभणीहून रोहिणी मॅडमना आणलं. मॅडमनी पहिल्याच महिन्यात निकिताची चढाई काढून घेतली आणि तिला डाव्या कोपऱ्यात उभी केली. जाऊन शिवायचं नाही, येईल तिला धरायचं.

गावात दुसरा विषय राहिला नाही. माणसं तुरीच्या शेतात जाता जाता थांबून बोलत.

"पळत्या घोड्याला खुंटीला बांधलं," माणिकराव म्हणाले. ते रेल्वेत गँगमन होते. आता दिवसभर स्टेशनाच्या बाकावर बसतात आणि जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडे घरच्यासारखं बघतात.

"आवं, मॅडम चटईवर शिकलेल्या," भुजंग म्हणाला. "त्यायला मातीतलं काय कळतं?"

"आन तुला काय कळतं? तुला चहात साखर किती, हे कळंना."

"मी सांगतो बाप्पा, ह्या बाईचा मुक्काम दिवाळीपस्तोर. सर वापस येणार."

दिवाळी झाली. सर आले नाहीत.

निकिताचा बाप हरिओम, माझा लेक, बोलायला कमी. पण त्यानं एकदा जेवताना सांगून टाकलं, "औंदा विद्यापीठाच्या संघात नाव लागलं तर खेळ. न्हाई लागलं तर खेळ पुरे. गेल्या साली गुडघा फुटला, रोज कॉलेजाला जीपमदी लोंबकळत जायची. पुरे झालं."

निकितानं ताटातली भाकर मोडली. मग म्हणाली, "बरं."

तिचं ते 'बरं' माझ्या छातीत बसलं.

निवड करणारी माणसं शेवटच्या सामन्याला येणार होती. आणि कॉलेजच्या मैदानावर बांधकाम चालू म्हणून तो सामना आमच्याच शाळेच्या मैदानावर ठरला. मी तिला विचारलं, "बाई, तुला काय आवडतं? चढाई का कोपरा?"

ती हसली. "आज्जे, चढाईला गेलं की सगळे माझ्याकडं बघायलेत. कोपऱ्यात उभं राहिलं की मी सगळ्यांकडं बघायले. दोनी ग्वाड."

त्या दुपारी मला ती दिसली. धुक्यात, डाव्या कोपऱ्यात, एकटी. तिच्या मागे मैदान नव्हतं, नुसती पांढरी जागा होती. समोरून एक वासरू आलं, दुधासारखं. लोक ओरडत होते, जा, जा. ही जाईना. तिचे पाय घोट्यापर्यंत मातीत गेले होते आणि ती खाली बघतही नव्हती. वासरू जवळ आलं, आणि गाडीची शिट्टी वाजली, आणि मी उठले.

सगुणाबाईला सांगितलं ही चूक झाली. संध्याकाळपर्यंत हॉटेलात अर्थ लागला होता.

"पाय रुतले," भुजंग हळू आवाजात म्हणाला. "म्हंजी हार. कोपऱ्यात रुतली पोरगी."

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी टेम्पोतून चटई आली. निळे-पिवळे चौकोन, एकात एक बसवत पोरांनी अख्खं मैदान झाकलं. आम्ही बाया लांबूनच बघितली. माती कुठं दिसेना.

आता आमच्याकडे रीत अशी, की सामन्याच्या दिवशी पहाटे मैदानावर सडा टाकायचा. शेणाचं पातळ पाणी हातानं शिंपडत जायचं. धूळ बसते, जागा थंड होते, आणि लेकरं जिथं पडणार तिथं आधी आपला हात फिरलेला बरा. दत्तराव सर स्वतः सांगायचे, "बायांनो, तुमचा सडा पडल्याबिगर शिट्टी न्हाई." 

त्या दिवशी उजाडताना इतकं धुकं होतं, की हातातली बादली दिसत नव्हती. आम्ही चौघी निघालो. मैदानात शिरलो तर पायाखाली मऊ लागलं, ओल्या गवतावर चालल्यासारखं.

"ही चटई हाय की वो," मी म्हणाले.

"असू दे," सगुणाबाई म्हणाली. "नवी वस्तू हाय. नव्या वस्तूला तर आधी."

ते आम्हा सगळ्यांना पटलं. नवीन घरात, नव्या चुलीपाशी, नव्या बैलगाडीच्या वाटेवर, कुठं टाकला नव्हता आम्ही सडा? चौघींनी चार बाजूंनी सुरुवात केली. धुक्यात एकमेकींच्या फक्त बांगड्या ऐकू येत होत्या. मधे रांगोळी काढली. चटईवर ती मातीपेक्षा छान उठली. आम्हाला सगळ्यांना फार बरं वाटलं.

रोहिणी मॅडम आल्या तेव्हा धुकं थोडं वर सरकलं होतं. त्या कडेला उभ्या राहिल्या. 

"हे कुणी केलं?"

"आमी," सगुणाबाई आनंदानं म्हणाली.

मॅडमनी एक पाय चटईवर ठेवला. तो सरकत पुढे गेला आणि त्या बसल्याच. उठायला गेल्या तर हात सरकला. मग त्या तिथंच मांडी घालून बसल्या, शेणात, आणि पदर नव्हता म्हणून डोळ्यांना बाही लावली. रडतात असं वाटून मी जवळ गेले. त्या हसत होत्या. पण हसता हसता म्हणाल्या, "आजी, माझी पण परीक्षा आहे हो आज. कॉलेज म्हणालंय, हा सामना बघून ठरवू."

बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं. पण ऊन नव्हतं, चटई वाळेना. पंचांनी बुटाचं टोक घासून बघितलं आणि म्हणाले, यावर पोरींचे हातपाय मोडतील. चटई उचला, मातीवर खेळवा. तिच्याखालची जागा दमट होती. फक्कीनं पांढऱ्या रेषा मारल्या, त्या लगेच ओलावून पसरायला लागल्या.

गावाला आनंद झाला. माती म्हणजे आपली. भुजंग मॅडमजवळ गेला. "मॅडम, आता खामखा हट्ट नगा करू. निकीला चढाईला सोडा. ही पोरगी मातीवर वारा हाय."

"निकिता डाव्या कोपऱ्यात," मॅडम म्हणाल्या. "माती असो नाही तर पाणी असो."

तेवढ्यात पॅसेंजर आली आणि दत्तराव सर उतरले. खांद्यावर तोच जुना टॉवेल. गर्दी बाजूला झाली, कुणी पाया पडलं. सर मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली जाऊन बसले. मी त्यांच्याजवळ गेले.

"सर, निकीला तुमी सांगा. तुमचं ऐकंल ती. आज तिचं नाव लागलं न्हाई तर हरिओम खेळू द्यायचा न्हाई."

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे थकले होते.

"कडूमाय, तिला दोन आवाज आले तर पाय कुणाचं ऐकतील?"

"पर तुमी तर तिला…"

"मी चालायला शिकवलं. कुटं जायचं ते आता ती बाई सांगायली." मग म्हणाले, "मला वाईट वाटत न्हाई असं न्हाई."

खेळ सुरू झाला. धुकं पूर्ण उठलंच नाही. पोरी पळायच्या आणि मैदानाच्या टोकाला जाऊन अर्ध्या पुसल्यासारख्या व्हायच्या. मला अधूनमधून कळेना, मी जागी आहे का ओसरीवर आहे. निकिता कोपऱ्यात उभी होती. समोरची पोरगी आत आली की ती खाली वाकायची, हात पुढे, आणि अजिबात हलायची नाही. मग एकदम घोटा धरायची. चार-पाचदा तरी धरला असेल. लोक तेवढ्यापुरते ओरडायचे आणि पुन्हा म्हणायचे, "चढाईला सोडा हो हिला!"

शेवट आला तेव्हा आम्ही एका गुणानं मागे होतो. आमच्या तिघीच मैदानात उरल्या होत्या, निकिता, सुकेशनी आणि एक पूर्णेची पोरगी. चढाई आमची होती.

"निकी जा! निकी जा!" सगळं गाव उठून उभं राहिलं. माणिकराव शाळेच्या बाकावर चढून ओरडत होते. हरिओम पण ओरडत होता, माझा न बोलणारा लेक.

निकितानं मॅडमकडे नाही बघितलं. तिनं लिंबाकडे बघितलं. सरांकडे.

मी सरांच्या शेजारीच होते. सरांनी तिची नजर झेलली. क्षणभर त्यांची हनुवटी हलेल असं वाटलं. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, तोंडावर घेतला, आणि लिंबाच्या मुळीवर डोकं टेकून आडवे झाले. दुपारची झोप घ्यावी तसे.

निकिता बघत राहिली. मग तिनं मान वळवली. मॅडमनी दोन्ही तळवे खाली दाबले. थांब.

सुकेशनी गेली, आणि हात न लागता परत आली. लोकांनी कपाळाला हात लावला.

आता त्यांची चढाई, शेवटची. तिघीच उरलेल्या असताना धरलं तर दोन गुण मिळतात, म्हणजे धरलं तर आपण जिंकलो. त्यांची सगळ्यात उंच पोरगी आली. पांढरा बनियन. दुधासारखा.  ती डावीकडे सरकली. लोक ओरडत होते, पण मला आवाज लांबून येत होता, पाण्याखालून यावा तसा. निकिताचे पाय दमट मातीत घोट्यापर्यंत माखले होते. ती हलली नाही. हलली नाही. उंच पोरीचा पाय आत आला आणि निकितानं घोटा धरला.

बाकीच्या दोघी धावल्या, पण घसरल्या. उंच पोरगी पडली आणि हातांवर सरकत मधल्या रेषेकडे निघाली. निकिता तिच्या पायाला धरून मागे फरपटत होती, सोडत नव्हती. मातीत लांब ओरखडा उमटत गेला. दुसऱ्या दोघी येऊन अंगावर पडल्या तेवढ्यात शिट्टी वाजली.

पंच म्हणाले, "हात रेषेला लागला. सुटली."

जो कल्ला झाला तो सांगायला नको. फक्की पसरली होती, रेषा कुठं संपते ते कुणालाच सांगता येईना. भुजंग पंचांच्या पुढे आडवा झाला. "रेषा दाखवा! कुटं हाय रेषा? दाखवा!" मग तो लिंबाकडे वळला. "सर, तुमी सांगा. तुमी सांगताल ते गाव मानंल. लागला का हात?"

सगळे लिंबाकडे वळले. सरांनी तोंडावरचा टॉवेल काढला नाही.

"लागला," ते आतून म्हणाले.

"आवं सर, तुमच्या तोंडावर तर टॉवेल हाय!"

"जुना हाय. भोकं पडलीत."

कुणीतरी हसलं. मग माणिकराव हसले, आणि भांडण तिथंच बसलं. आम्ही हरलो. भुजंग सगळ्यांना सांगत सुटला, की मी म्हणलोच होतो. त्याचं भाकीत पहिल्यांदाच खरं झालं होतं आणि त्याला स्वतःलाच ते सोसत नव्हतं.

निवड करणारे दोघे टेबलापाशी डोक्याला डोकं लावून बोलत होते. निकिता गुडघ्यावरची माती झाडत उभी होती. ती कुणाकडेच बघत नव्हती. त्यातल्या एकानं नावं वाचली. चढाईची नावं आली, त्यात ती नव्हती. उजवा कोपरा झाला. मी लिंबाची मुळी धरली.

"डावा कोपरा," तो म्हणाला, "निकिता हरिओम." मग कागद खाली करून मॅडमना म्हणाला, "एकटीनं धरली हो तिनं. सोडायला तयार नव्हती."

हरिओमनं तोंड दुसरीकडे फिरवलं. सर उठून टॉवेल झटकत होते. मॅडम त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. सर म्हणाले, "पाय भक्कम हायत तिचे."

"तुम्हीच केलेत," मॅडम म्हणाल्या.

मॅडम राहणार की जाणार, ते कॉलेजनं अजून सांगितलेलं नाही. हॉटेलात त्यावर रोज बोलणं चालू आहे. 

त्याच दुपारी ऊन पडल्यावर चटई आम्ही बायांनी विहिरीवर नेऊन चौकोन चौकोन धुतली. मॅडमही बाह्या सारून बसल्या होत्या. सगुणाबाई त्यांना म्हणाली, "मॅडम, फुडच्या टायमाला सडा कुटं टाकावा मग?"

"चारी बाजूंनी टाका. फक्त मध्ये नको."

"आन रांगोळी?"

मॅडमनी विचार केला. "रांगोळी दारात."

घरी आले तेव्हा निकिता ओसरीवर माझ्याच जागी झोपली होती, माखल्या पायांनी, तशीच. लांबून मालगाडी येत होती. तिच्या अंगावर पांघरूण घालून मी वळले, तर तिचा हात झोपेतच पुढे आला आणि तिनं माझा घोटा धरला. घट्ट. ती कुठल्या मैदानात होती कोण जाणे.

सोडवून घ्यायचं माझ्या मनात आलं नाही. गाडी पूर्ण जाईपर्यंत मी तशीच उभी राहिले, न हलता.