तयार कवचांचा अहवाल, साखरा

गटाचे नाव: सावली महिला बचत गट, साखरा, तालुका सेनगाव.

मागणी: मिरची-हळद कांडप यंत्र, एक.

मिळाले: 'पाय' या विलायती गोड पदार्थाचे एक दिवसाचे प्रशिक्षण, सन २००४. ते यशस्वी झाल्यास यंत्राचा विचार होईल.

साहित्य: बिस्किटाच्या चुऱ्याची तयार कवचं, नग चाळीस. (पातळ चंदेरी ताटलीत दाबून बसवलेली बिस्किटाची वाटी. तिच्यात सारण भरायचं. संपलं प्रशिक्षण.)

साहित्याची स्थिती:

इथे प्रपत्रात बोटभर जागा आहे. सेनगाव ते साखरा हा खड्ड्यांचा रस्ता तेवढ्यात मावत नाही. खोकं उघडलं तर चाळीस ताटल्या आणि नुसत्या ठिकऱ्या.

गटाच्या अध्यक्ष पंचफुलाबाई खोक्यापाशीच रडू लागल्या. प्रशिक्षण तपासायला साहेब दुपारी यायचे होते. यंत्र गेलं. म्हणजे पुन्हा अख्खा उन्हाळा उखळ, मुसळ आणि रात्रभर तळहाताची आग.

"रडून काय राहिली, पंचफुला?" गटातली अमीरबी म्हणाली. तिच्या माहेरी बिस्किटाची भट्टी. "चुराच तर हाय. कुटू, डालडा घालू, ताटलीत दाबू. बराबर बसंल."

"अन् साहेबाला कळलं तर?"

"साहेबानं जल्मात उखळ तरी पाह्यलं का?"

कुटलं. मिरचीच्याच उखळात, दुसरं होतं कुठं? आधी पुसून घेतलं होतं, असं सगळ्याजणी अजूनही सांगतात. वर साखर घातलेला चक्का भरला.

प्रशिक्षण अधिकारी: हरिचंद साहेब. वेळ दुपारी एकची, आले चारला.

साहेबांनी घास घेतला. कान लाल झाले. त्यांनी लिहिलं:

'कवच किंचित तिखट. निर्यातीस वाव.'

मग प्रसन्न होऊन म्हणाले, "बघा ताई, सगळं तयार आलं, तुम्ही फक्त भरलं. कुटायची कटकटच मिटली. आता ते कांडप यंत्र कशाला?" आणि मागणीवर आडवी रेघ मारली.

पंचफुलाबाईंनी रेघेकडे पाहिलं. मग साहेबांकडे.

"साहेब, तुमच्या वाट्या वाटंतच मोडल्या. ह्या आमी कुटल्या."

"असं कसं? 'तयार कवच वापरले: होय.' खाली चाळीस सह्या आहेत."

"त्या तर तुमच्या शिपायानं खोकं द्यायच्या आधीच घेतल्या."

"पुरावा?"

(पुराव्यासाठी प्रपत्रात रकाना नाही.)

"चला," पंचफुलाबाई म्हणाल्या.

साहेब निघाले, कारण जीप आणि साहेब यांच्यामध्ये चाळीस बाया उभ्या होत्या. परसात उखळात उरलेल्या ठिकऱ्या होत्या. अमीरबीनं त्यांवर मूठभर वाळक्या मिरच्या टाकल्या.

"ह्या कशाला?" साहेबांनी विचारलं.

"आमचं रोजचं हेच हाय साहेब. पुरावा पुरा होऊ द्या. हाना."

साहेबांनी मुसळ उचललं. पाच घाव. शिंक. आठ घाव. दोन शिंका. ड्रायव्हर जीपमागं जाऊन हसून आला. विसाव्या घावाला साहेबांनी डोळे पुसले, त्याच हातानं.

"पाणी! पाणी द्या!"

"लेकरावानी वरडू नगा, देतो की," पंचफुलाबाई म्हणाल्या. तांब्या त्यांच्या हातातच होता. दुसऱ्या हातात प्रपत्र. "आधी हे."

मागणी (दुरुस्तीसह): मिरची-हळद कांडप यंत्र, एक. तातडीने.

शेरा: अधिकाऱ्याचे अक्षर थरथरले आहे, कागदावर ओले डाग आहेत. ग्राह्य धरावे.