पळसाखालच्या सात्या

मित्रांनो, मी एक जुने वारूळ आहे. सौंसरजवळ गुणवंताभाऊंचा संत्र्याचा बगीचा आहे. त्याच्या मागच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक वाकडा पळस आहे. त्या पळसाखाली मी उभे होते. आज तिथे गेलात तर तुम्हाला सपाट जमीन दिसेल. जे काही उरले आहे ते जमिनीच्या पोटात आहे, आणि तिथूनच मी बोलत आहे.

मला वाळवीने घडवले. तोंडातल्या ओल्या मातीचा एकेक कण रचून तिने मला कमरेएवढे केले. लोक मात्र मला नागाचे घर म्हणायचे. खरे सांगू? नाग माझ्याकडे एकदाच आला, थोडे दिवस फुकट राहिला आणि निघून गेला. तरी नागपंचमीला हळदकुंकू आणि लाह्या त्याच्या नावाने, आणि वाळवीच्या वाट्याला शिव्या. जगाची रीतच अशी.

माझी खरी शोभा श्रावणात असायची. पाऊस पडून ऊन तापले की माझ्या अंगाखांद्यावर सात्या फुटायच्या. सात्या म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या पांढऱ्या अळंबीच्या छत्र्या, भाजीला फार चवदार. त्या तोडायला अंबाबाई यायची. बगीच्यात निंदणाला, म्हणजे तण काढायला, आली की हळूच इकडे वळायची, टोपली भरायची आणि वरून पळसाची पाने झाकायची. कुणी विचारले, "काय नेऊन राहिली वो अंबाबाई?" तर म्हणायची, "चारा." सात्यांची जागा परक्याला सांगायची नाही, हा तिकडच्या बायांचा जुना नेम. सासू ती सांगणार फक्त सुनेला, आणि तेही स्वतःचे हातपाय थकल्यावर.

मी तिचा अंगठा पाहायचे. प्रत्येक छत्रीच्या डोक्यावरून तो फिरायचा. माझ्या सात्यांना मधोमध एक बारीक टोक असते. टोक लागले की छत्री टोपलीत, नाही लागले की बाजूला. हे आपण करतो, हे तिलाही ठाऊक नसावे. हाताला सवयच पडली होती.

मग अंबाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि गुडघेही गेले. त्याच उन्हाळ्यात गुणवंताभाऊंना संत्र्याची आणखी एक ओळ लावायची होती. जेसीबी आला आणि घडीभरात मी भुईसपाट झाले. गुणवंताभाऊ वाईट माणूस नाही. त्यांना मी मातीचा ढीग दिसले, एवढेच. माझ्यावर शेणखत पडले, पालापाचोळा पडला. पावसाळ्यात त्या कुजक्या पाल्यातून छत्र्या उगवल्या. लहान होत्या, पांढऱ्या होत्या, पण त्या माझ्या नव्हत्या.

त्या तोडायला अंबाबाईची सून मंगला पहिल्यांदाच आली. सोबत तिची तिसरीतली मुलगी, चंचल. मंगलाने सासूला फोन लावला.

"आत्याबाई, पळस तं सापडला. पण वारूळ नाही दिसून राहिलं. सपाट हाये."

"पावसानं बसलं असंन. छत्र्या हायेत का?"

"हायेत. लहान लहान, पांढऱ्या."

"मंग तोड बिनघोर. त्या जागेनं कधी दगा नाही देला."

चंचल खाली बसून एकेक छत्री निरखत होती. "आई, हिच्यावर भुरे ठिपके हायेत."

"चिखल उडाला असंन. धुतला की जाते."

"अन् हिनं बांगडी घातली. पाहा ना, देठात."

मंगला हसली. "लगन असंन तिचं," म्हणाली, आणि तोडत राहिली. मित्रांनो, माझ्या सात्यांना ना ठिपके असतात, ना देठात बांगडी. मला ओरडायचे होते. मातीला कुठले तोंड?

पुढचे मी निंदणाऱ्या बायांच्या बोलण्यातून ऐकले. त्या रात्री मंगलाने थोडीच भाजी खाल्ली. अंबाबाईने आपल्या वाट्याची भाजी नातीच्या ताटात घातली, पोरीला आवडते म्हणून. पहाटे दोघी मायलेकींना ओकाऱ्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी चंचल उठून बसली आणि तिने पोळी मागितली. घरच्यांना वाटले, पीडा टळली. हे विष असेच असते. वरून माणूस बरे दिसते आणि आत काळीज करपत जाते. डोळे पिवळे पडले तेव्हा तिला नागपूरला नेले. मंगला परत आली. चंचल आली नाही.

काही दिवसांनी सासू-सुना माझ्याजवळ आल्या. अंबाबाईने बसून जमीन चाचपली. पाल्यात एक छत्री हाताला लागली. तिने अंगठा फिरवला आणि पुन्हा फिरवला.

"टोक नाही," ती म्हणाली.

"कोनतं टोक?"

अंबाबाईचा हात तसाच राहिला. "तुले मी जागा सांगतली, मंगला. टोक सांगाचंच राहून गेलं."

"पोरीनं सांगतलं होतं मले," मंगला म्हणाली. "मीच हसली." मग ती मातीवर कपाळ टेकून रडली. मी ते ओझे अजून विसरले नाही.

यंदाच्या श्रावणात माझ्या पोटातली वाळवी पुन्हा जोमात आली आणि खऱ्या सात्या वर फुटल्या. अंबाबाई सुनेचा हात धरून आली. तिने बगीच्यातल्या साऱ्या बायांना हाक मारली आणि प्रत्येकीचा अंगठा धरून टोकावर टेकवला. जुना नेम तिने मोडला. सगळ्यांत शेवटी मंगलाने हात लावला.

"हेच?"

"हेच."

टोपली मात्र कुणीच भरली नाही.

मित्रांनो, रानातल्या छत्रीची जागा विचारू नका, ओळख विचारा. ज्याला ओळख आहे त्याने ती पदराखाली झाकू नये. पक्की ओळख नसेल तर छत्री तशीच उभी राहू द्या, ती कुणाकडे काही मागत नाही. आणि एखादे लहान लेकरू म्हणाले, 'हिनं बांगडी घातली,' तर हसू नका. हातातली टोपली खाली ठेवा आणि ते काय दाखवते आहे ते आधी पाहा.