कुटुंबप्रमुखाचा रकाना

तंत्रनिकेतनात तीस वर्षे मी ड्रॉइंग शिकवले. निवृत्तीनंतर आरोग्य केंद्राने कुटुंबांच्या सामाजिक-आर्थिक पाहणीसाठी स्वयंसेवक मागितले, तेव्हा मी पहिला अर्ज दिला आणि कोणी मागितलेले नसताना काही नियमही करून दिले: नोंद शाईने करावी, अक्षर छापील असावे, खाडाखोड करू नये. केंद्रातल्या सिस्टरांनी ते वाचले आणि माझ्याच हातात परत दिले. मी तो आदर समजलो.

फॉर्मचे गणित सोपे होते. कुटुंबप्रमुखाचे शिक्षण, त्याचा व्यवसाय आणि घरची मिळकत या तिन्हींना गुण द्यायचे. बेरीज दहाच्या आत असली, तर उपचार मोफत.

त्या दिवशीचे घर इस्त्रीवालीचे होते. बाहेरच्या खोलीत इस्त्रीचे टेबल आणि दोरीने बांधलेले कपड्यांचे गठ्ठे, आतल्या खोलीत खाट आणि स्वयंपाक. नवरा चार वर्षांपूर्वी वारलेला. सात वर्षांच्या मुलीचा कान सतत वाहत होता, आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली होती. मोफत यादी दुसऱ्या दिवशी बंद होणार होती.

"कुटुंबप्रमुख कोण?" मी विचारले.

बाईने इस्त्री उभी केली, पदर नीट केला आणि आतल्या खाटेकडे पाहिले. "बाबा आहेत ना."

बाबा म्हणजे तिचे सासरे. त्यांनी माझा फॉर्म हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "लेटरिंग तुमचं? बऱ्याच वर्षांनी सरळ अक्षर बघतोय. कोणत्या बॅचचे?"

झाले! ते मेकॅनिकलचे पदविकाधारक, कारखान्यात फोरमन होते. पाऊण तास आम्ही बोथट पेन्सिलींना आणि नव्या पिढीला नावे ठेवली. बाईने तेवढ्या वेळात अकरा शर्ट हातावेगळे केले, हेही मी मोजले होते. शिक्षण: पदविका. व्यवसाय: फोरमन. दोन्ही रकाने मी इतक्या सुबकपणे भरले, की नमुना म्हणून भिंतीवर लावावेत.

केंद्रात परतल्यावर सिस्टरांनी बेरीज पाहिली. "अकरा. काका, एका गुणानं पोरीचा कान गेला की हो! हे फोरमन कधी निवृत्त झाले?"

"वीस वर्षांपूर्वी. पुढे कारखानाही बंद पडला."

"मग घर कोण चालवतं?"

"तो प्रश्न फॉर्ममध्ये नाही."

सिस्टरांनी कागद उलटा केला. मागे ठळक छापले होते: ज्याच्या कमाईवर घर चालते, त्याला प्रमुख धरावे. 'तळटीप आधी वाचा, रेघ मग ओढा' हे मी तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. फळ्याकडे माझी पाठ असायची, एवढाच काय तो खुलासा.

"तुम्ही माहिती नाही लिहिलीत, काका. मान लिहिलात," सिस्टर म्हणाल्या आणि कोरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

परत गेलो, तर इस्त्रीवाली दारातच कुजबुजली, "बाबांना नका सांगू. एवढं एकच तर उरलंय त्यांच्याकडं. मी दुसरीकडं बघते काहीतरी."

"कुठं बघणार आहेस?" आतून आवाज आला. "कान नातीचा वाहतोय, माझे शाबूत आहेत. मास्तर, आत या. कागद नवीन आणलाय ना? जुन्यावर गिरवागिरवी नको."

मी बसलो. त्यांनी टाचण सांगावे तसे सांगितले, "प्रमुख, सून. शिक्षण, चौथी. व्यवसाय, इस्त्री." मग त्यांनी विचारले, "आणि मी कुठल्या रकान्यात?"

"अवलंबित व्यक्ती," मी म्हणालो.

"लिहा. सुवाच्य लिहा."

मी एकेक रकाना भरला. सहा गुण झाले. त्या बेरजेशेजारी माझ्या आयुष्यातला पहिला शाईचा डाग पडला, आणि मी तो राहू दिला.

"चला, प्रमुखबाई," म्हातारबुवा सुनेला म्हणाले, "पाहुण्यांना चहा टाका."

"प्रमुखानं चहा टाकायचा असतो का, बाबा?" ती इस्त्री न थांबवता म्हणाली. तिने मानही वर केली नाही, पण खांदे हसत होते.

म्हातारबुवा उठले. मदतीला मीही उठलो. आधण उकळू लागले, तरी साखर कोणत्या डब्यात असते, हे आम्हा दोघा पदविकाधारकांना सापडेना. आम्ही पाच डबे क्रमाने उघडले. मी तर डावीकडून उजवीकडे अशी पद्धतही घातली.

"अहो आजोबा, तिसऱ्या फळीवर!" कानात कापूस घातलेली नात ओरडली. तिला स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नसल्यामुळे ते अख्ख्या गल्लीला कळले.

फॉर्म मी संध्याकाळी डागासकट दिला. यादीत मुलीचा नंबर चौथा लागला.