डोळा नसलेला मासा

यासोहाचीची अर्धी जवानी चित्रं छापायच्या लाकडी फळ्यांवर किमोनोच्या चुण्या आणि नदीच्या लाटा कोरण्यात गेली होती. चेहरे आणि केस कोरायचा मान वरच्या कारागिरांचा. या हिवाळ्यात कुठे उस्ताद तोकुएमोनांनी चित्र चिकटवलेली फळी त्याच्यापुढे सरकवली. म्हणाले, "डोकं तुझं. बाईंना पसंत पडलं तर कायमचं तुझं. नाहीतर गुमान लाटा कोरायच्या."

बाई म्हणजे योशिवारा या गणिकांच्या वस्तीतली नावाजलेली आसागिनू. चित्रात ती झाली होती किंको, म्हणजे जुन्या कथेतला माशावर बसून नदीतून वर आलेला सिद्धपुरुष. फक्त हातात पोथीऐवजी प्रेमपत्र. यासोहाचीने श्वास रोखून तिच्या कपाळावरचा केस न् केस कोरला. बाकीचं अंग नेहमीप्रमाणे त्याच्या जोडीच्या कारागिराकडे, मागोबेईकडे.

पहिला छाप निघाला आणि दोघांचीही तोंडं उतरली. माशाला डोळाच नव्हता!

"डोकं तुझं होतं ना रे?" मागोबेई खेकसला.

"बाईंचं! मासा अंगात धरतात. तुझ्या वाटणीचा."

"माशाला डोकं नसतं होय? मग तुझ्यावरच गेलाय म्हणायचा."

दोघांनीही डोळा एकमेकांवर सोडला होता आणि फळी खरवडणाऱ्याने रिकामी जागा समजून तेवढं लाकूड उडवून टाकलं होतं. आता तिथे नवा तुकडा बसवायला सवड नव्हती. बाई छाप आजच बघणार होत्या.

उस्तादांबरोबर जाऊन यासोहाचीने आसागिनूपुढे कागद पसरला. आपल्या नशिबी लाटाच, हे त्याने गृहीतच धरलं होतं.

ती वाकून बघत राहिली. मग एकदम खळखळून हसली.

"अगं बाई, याने डोळे मिटलेत की! मला पाठीवर घेऊनसुद्धा टक लावून न बघणारा अख्ख्या योशिवाऱ्यात हा एकच निघाला. याला कुणी हात लावाल तर खबरदार!" मग तिचं बोट चित्रातल्या कपाळाशी थांबलं. "आणि हे केस कोणी कोरले? माझी केस बांधणारी इतकं नीट विंचरत नाही हो."

यासोहाचीने पुढे होऊन वाकून नमस्कार केला. इतका आनंद त्याला कधीच झाला नव्हता.

वसंतात नवी फळी आली. या वेळी गणिका बोधिसत्त्व होऊन पांढऱ्या हत्तीवर बसली होती. उस्तादांनी तोंड उघडायच्या आत यासोहाची ओरडला, "डोकी माझी! बाईंचंही आणि हत्तीचंही!"

"घे बाबा, घे," मागोबेई म्हणाला. "पण सोंड कुणाची, ते आत्ताच ठरवू."