दुसरी चांदणी

"साम्राज्यं बुडाली, राजे पळाले, पण या छावणीच्या काठीवर सेनानीचा ध्वज आजवर कधी चुकीचा चढलेला नाही!" कर्नल आर्ग्वेयेस छाती काढून म्हणाले आणि लगेच आवाज खाली आणून विचारते झाले, "लेआंद्रो, दुसरी चांदणी मिळाली का रे?"

"नाही साहेब. बायको शिवतेय."

बुर्गोसच्या छावणीचे नवे प्रमुख, जनरल मोन्फोर्ते, दुपारी यायचे होते. त्यांना बढती मिळाल्याचा फोन आला होता. म्हणजे त्यांच्या हुद्द्याच्या ध्वजावर आता एकीच्या जागी दोन चांदण्या हव्यात. माद्रिदहून नवा ध्वज काही आला नव्हता.

सुभेदार लेआंद्रो हा ध्वजकोठाराचा राखणदार. त्याच्या आधीच्या राखणदाराने एका जनरलच्या ध्वजावरची एक चांदणी कमी केली होती; ते कर्नल कधी मोजत नसत. त्याला समुद्रापार मेलियाला धाडलं, तो अजून तिथेच बुटातली वाळू झाडतोय. लेआंद्रोची निवृत्ती तोंडावर आली होती आणि बायको कासिल्दाची छाती इतकी अधू, की तिला जिना सोसत नव्हता, समुद्र कुठला सोसणार?

"राजा गेला तेव्हा माझ्या आईने या ध्वजांवरचे मुकुट उसवले," कासिल्दा सुई ओढत म्हणाली, "राजा परतला तेव्हा मी टाचले. देश तुम्ही बदलायचा आणि बोटं आमची टोचायची."

"बोलू नकोस, शिव!"

"मी काय तोंडाने शिवते?"

ध्वज दोरीला बांधला आणि फाटकातून गाडी आत आली. गाडीच्या नाकावर छोटी पताका फडफडत होती. तिच्यावर चांदणी एकच!

लेआंद्रोने ध्वज दोरीवरून सोडवला. कमी चांदणी म्हणजे अपमान; जास्त म्हणजे भर छावणीत थट्टा.

"कासिल्दा, उसव!"

"अहो, आत्ता तर..."

"उसव गं बाई!"

कात्री कोठारात राहिली होती. काठीच्या बुंध्याशी दोघं दातांनी टाके तोडू लागली. कर्नलांनी ते तिरप्या नजरेने पाहिलं आणि स्वागताचं भाषण थेट चारशे वर्षांपूर्वीच्या सम्राट पाचव्या कार्लोसपासून सुरू केलं. ते लेपांतोच्या लढाईला पोचले तेव्हा शेवटचा टाका तुटला.

ध्वज चढला. उन्हात चांदणीच्या रिकाम्या जागी सुईच्या भोकांचं कडं लख्ख दिसत होतं. जनरल मान वर करून ते पाहतच राहिले. मग सरळ लेआंद्रोसमोर येऊन उभे ठाकले.

"दुसरी होती तिथे?"

"होती साहेब. चूक माझी. बायकोचा काही संबंध नाही."

"तुमची कसली चूक? मलाही तोच फोन आला होता." जनरलांनी घसा खाकरला. "दुसरा फोन काल रात्री आला. चांदणी दुसऱ्याला दिली म्हणे."

टाचा जुळवून त्यांनी ध्वजाला कडक सलाम ठोकला. मग जरासे वाकून, कर्नलांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "सुभेदार, इथून एक फोन करता येईल का हो? घरी बायकोने बढतीच्या जेवणाला पाहुणे बोलावलेत. कोकरू भट्टीत जायच्या आत सांगायला हवं."