निरोपाची सायकलफेरी

शहरातल्या सायकलवाल्यांनी आपल्या निरोपासाठी सायकलफेरी काढायचं ठरवलंय हे कळलं, तेव्हा वाहतूक खात्यातून निवृत्त होणाऱ्या अभियंतासाहेबांना त्यात काहीतरी काळंबेरं दिसलं. कारण ह्या मंडळींच्या म्होरक्या होत्या दाढबाई. बाई दातांच्या डॉक्टर. खात्यात त्यांना खऱ्या नावाने कुणी ओळखतच नसे. दवाखाना उघडायच्या आधी त्या सायकलवरून शहरभर हिंडायच्या आणि जे खुपेल त्याची तक्रार साहेबांच्या टेबलावर आणून आदळायच्या. वर्षानुवर्षं त्यांनी साहेबांच्या नाकी नऊ आणले होते. अशा बाईला एकाएकी आपल्याबद्दल उमाळा कसा आला, ह्याचा साहेबांना काही केल्या उलगडा होईना.

गुडघ्याचं निमित्त काढून पाहिलं, पण आमंत्रणाचा फोन बायकोने घेतला होता आणि साहेब येतायत म्हणून परस्पर सांगूनही टाकलं होतं.

"आयुष्यभर लोकांना सांगत आलात, इकडून जा, तिकडून वळा," ती म्हणाली. "आता एक दिवस लोक सांगतील तिकडे जा."

वर तिने लेकीची जुनी, पुढे टोपली लावलेली सायकल माळ्यावरून काढून पुसूनही ठेवली.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी सकाळी साहेब त्या टोपलीसकट नगरपालिकेसमोर हजर झाले. पाव भाजणारे, पोस्टमन, दोन शिक्षिका, एक तबला दुरुस्त करणारा, अशी बरीच मंडळी जमली होती. दाढबाईंनी पुढे होऊन त्यांना रस्त्याच्या कामगारांचं नारिंगी जाकीट चढवलं. पाठीवर ठळक अक्षरांत रंगवलं होतं: 'काम संपले. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' साहेबांनी बाहीत हात घालता घालता ते वाचलं, आणि आज आपली धडगत नाही हे ओळखलं.

पहिला मुक्काम सायकलपट्टीच्या टोकाशी. साहेबांनीच आखलेली ही सुंदर हिरवी पट्टी सरळ जाऊन विजेच्या खांबावर आदळत असे. आज खांबाला खाली उशी बांधली होती आणि वर पार्टीची टोकदार टोपी चढवली होती. तबलावाल्याने खांबाच्या सहनशीलतेवर चार शब्द सांगितले. खांब वीजखात्याचा आहे, तो हलवणं आपल्या हातात नव्हतं, असं साहेब सांगू लागले, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

मग गोल चौक. हा साहेबांचा खास जिव्हाळ्याचा. त्यावर त्यांनी परगावी जाऊन भाषणंसुद्धा ठोकली होती. सगळी वरात चौकात शिरली आणि गोल गोल फिरत राहिली. बाहेर पडायची वाट कुठली, ह्यावर मुद्दाम जोरजोरात वाद चालला होता. गरगरून गेल्यावर साहेबांनीच हात दाखवून वळण घेतलं आणि नेमके मासळीबाजाराच्या मागच्या दाराशी निघाले. मागून इतका हशा पिकला की साहेबांनाही मिशीतल्या मिशीत हसू फुटलं. रागावायचं त्यांनी ठरवलं होतं, पण ते काही जमेना.

पुढे मोठ्या रस्त्यावर सिग्नल लागला. तिथे पायी जाणाऱ्यांसाठी खांबाला एक बटण होतं. दाढबाई उतरल्या, बटण दाबलं आणि साहेबांकडे वळल्या.

"आता खरं सांगा. हे बटण कशाला जोडलेलं आहे का?"

सगळे कान टवकारून उभे राहिले. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"बाई, संध्याकाळपर्यंत मी नोकरीत आहे," ते म्हणाले.

ह्या उत्तरावर पोस्टमन इतका हसला की त्याची सायकलच आडवी झाली.

शेवटचा मुक्काम मात्र साहेबांना कळेना. शाळेमागच्या उतारावरचं एक साधं वळण. ना खांब, ना सिग्नल, ना चौक. इथे आपण काय घोळ घातला होता, हे ते मनातल्या मनात धुंडाळू लागले. मंडळी मात्र सायकलींवरून उतरून उभी राहिली.

"हे वळण आठवतं?" दाढबाईंनी विचारलं.

पुष्कळ डोकं खाजवल्यावर थोडंसं आठवलं. कोपऱ्यावरच्या भिंतीमुळे पलीकडचं दिसत नसे. मालकाशी हुज्जत घालून त्यांनी भिंतीचा कोपरा कापून घेतला होता आणि गतिरोधक जरा वर सरकवला होता. किरकोळ काम. त्याचं उद्घाटनही झालं नव्हतं.

"त्याआधी ह्या वळणावरून माझ्याकडे सारखं कुणी ना कुणी यायचं," बाई म्हणाल्या. "पुढचे दात हातात घेऊन. बहुतेक शाळेतली पोरं. तुम्ही भिंत कापलीत आणि यायचे थांबले. चांगला चालता धंदा बुडवलात माझा. एवढ्या तक्रारी केल्या, पण ही तेवढी करायची राहिली होती. म्हणून आज तोंडी करते."

ज्यावर भाषणं ठोकली त्या चौकाची सकाळभर खिल्ली उडाली होती, आणि जे ते स्वतः विसरून गेले होते ते ह्या बाईने जपून ठेवलं होतं. साहेबांनी खाली वाकून सायकलची साखळी तपासायला घेतली. साखळीला काही झालेलं नव्हतं, पण सगळ्यांनी ती नीट होईपर्यंत वाट पाहिली.

"तक्रार योग्य आहे," अखेर ते म्हणाले. "पण आता काही करता येणार नाही."

"मग दर रविवारी आमच्याबरोबर यायचं. तेवढीच भरपाई."

साहेबांनी मान डोलावली. परतीच्या वाटेवर त्यांना सगळ्यांत पुढे घातलं. उतार लागताच त्यांनी पाय मारायचं थांबवलं, आणि सायकल वेग घेऊ लागली तशी, गुडघ्याची पर्वा न करता, दोन्ही पाय हवेत सोडून दिले. मागून दाढबाई ओरडल्या, की पडलात तर दात मीच बसवीन, पण फुकट नाही.